दुसरा कप आणायचा का न्हाय?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते जीपमध्ये धूळ साचते तसे आपोआप साचतात. दोन महिने झटकलं नाही की सीटवर बोटानं नाव लिहिता येतं, इतके! आमच्या जीपमध्ये तर वर्षभराचे साचलेत, आणि आता ते मोकळे केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठल्या कुठं घेऊन चालली. पुण्याच्या एका संस्थेत कॅन्सरवर संशोधन चालतं. त्यांना एक दिवस सुबुद्धी सुचली, की संशोधन कशावर करायचं हे आपणच ठरवत बसण्यापेक्षा एकदा पेशंटला विचारावं, आणि पेशंटचं करणाऱ्या घरच्यांनाही विचारावं. त्यासाठी आमच्या धाराशिव जिल्ह्यात बैठका घ्यायच्या होत्या. पुण्याहून देशमाने डॉक्टर यायचे, जीप इम्रानभाई चालवायचे, आणि बडबड करायला मी. मी कळंबची, त्यामुळं बडबडीचं वेगळं ट्रेनिंग लागलं नाही.

पद्धत अशी, की ज्याला जो प्रश्न पडलाय तो त्यानं सांगायचा. इम्रानभाईंचं अक्षर मोत्यासारखं, ते तो कार्डावर लिहिणार. शेवटच्या मोठ्या बैठकीत सगळी कार्डं सतरंजीवर मांडायची आणि प्रत्येकानं आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कार्डांवर मतं टाकायची. ज्या दहा कार्डांना जास्त मतं, तेवढीच पुण्याला जाणार. अकरावं गेलं कचऱ्यात! मतासाठी पुण्याहून रंगीत स्टिकर आले होते. एका बैठकीत सराव म्हणून वाटले, तर आमच्याकडच्या उन्हात ते कार्ड सोडून सगळीकडं चिकटले. एका आजीच्या कपाळावर हिरवा स्टिकर बघितला आणि म्हणलं बास, उद्यापासून चिंचोके! माणशी दहा चिंचोके. डॉक्टरांना एकही नाही, कारण ठरवायचं पेशंटनं आणि घरच्यांनी.

*

पहिली बैठक कळंबला झाली. डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं आणि विचारलं, "तर मग सांगा, आम्ही कशावर संशोधन करावं?"

बायका पदर सारखे करायला लागल्या, बाप्ये पंख्याकडं बघायला लागले.

शेवटी नागनाथअण्णा उठले. अण्णा मोंढ्यातले मापाडी, सगळा जन्म बाजारात धान्य मापण्यात गेलेला. पोटाचा कॅन्सर, दोन वर्षं सोलापूरच्या खेपा चालू. माणूस निम्मा झालेला, पण आवाज मोंढ्यातलाच! म्हणाले, "डॉक्टरसायेब, आमी सांगतो. पर आधी तुमी सांगा, इतकी वर्षं कुणाला इचारत हुताव?"

डॉक्टर भला माणूस. खोटं बोलता येईना. म्हणाले, "एकमेकांना."

असा हशा पिकला की विचारू नका! त्यानंतर कार्डं पुरेनात.

पण एक गोष्ट मला घरी गेल्यावर उमगली. दोन तास बोलणं झालं, आणि डॉक्टर सोडून एकाही माणसानं 'कॅन्सर' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. "ते झालं तवापासनं," "तसलं निघालं म्हणून," "ती गाठ." डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला की पुढं बसलेली एक म्हातारी दोन्ही कानांना हात लावायची. प्रत्येक वेळी, न चुकता. मला आधी वाटलं कानात काही गेलंय.

चौथ्या बैठकीला डॉक्टर म्हणाले, "ज्यांच्या घरात ते आहे, त्यांनी हात वर करा." मी आणि इम्रानभाईंनी एकमेकांकडं बघितलं. पुण्याचा माणूस! त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

*

माकणीला आम्ही शाळेच्या एका खोलीत बसलो होतो. संस्थेनं हौसेनं बॅनर पाठवलेला, त्यावर 'कॅन्सर' हा शब्द हातभर मोठा. लावला आम्ही फळ्यावर, आणि चुकलो.

एक बाप-लेक मोटारसायकलवरून आले. लेक आधी आत आला, बॅनर बघितला आणि पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, दादांना अल्सर म्हणून सांगितलंय. तेवढं नाव घेऊ नका, पाया पडतो."

मी म्हणलं, अहो मग आणलंत कशाला? म्हणाला, "अल्सरची मीटिंग हाय म्हणलोय!"

आता बॅनर काढावा तर खोली भरलेली. तो पठ्ठ्या सरळ फळ्याला पाठ लावून उभा राहिला, नेमका त्या शब्दावर. दोन तास! कुणी खुर्ची दिली तर नको, चहा दिला तर उभ्यानंच.

बाप माझ्या शेजारी, फळ्याकडं पाठ करून बसलेला. मी म्हणलं, दादा, इकडं तोंड करून बसा की, डॉक्टर तिकडं बोलायलेत. ते हळूच वाकले आणि म्हणाले, "असू द्या बाई. म्या वळलो तर त्याला हलता येनार न्हाय. पोरगं दमलंय. मला समदं ठाव हाय, आल्या आल्या वाचलंय. तेवढं त्याला सांगू नका."

बैठक संपल्यावर दोघं एकाच गाडीवर बसून गेले. बापानं लेकाच्या खांद्यावर हात ठेवलेला. इम्रानभाईंनी दोघांची कार्डं माझ्या हातात दिली. दोघांनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांच्या माघारी सांगितलेला प्रश्न, आणि अक्षरन् अक्षर सारखा. 'घरात खरं कधी बोलायचं?'

तो बॅनर आम्ही परत कधी लावला नाही. जीपच्या टपावर ताडपत्री म्हणून बांधलाय, शब्द आतल्या बाजूला करून.

*

आता जळकोटचा. हा नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

शेवंताकाकू म्हणून एक बाई. नवरा एसटीत मेकॅनिक होता, तोंडाच्या कॅन्सरनं वारला, वर्षही झालं नव्हतं. सगळ्यांचे प्रश्न झाले तरी ह्या गप्प. मी म्हणलं, काकू, तुमचं काहीच नाही का? तर म्हणाल्या, "हाय एक. पर तुमी हसताल."

म्हणलं, हसणार नाही, सांगा.

"हे जायच्या आधी तीन दिवस," काकू सांगायला लागल्या, "दुपारचं म्या चहा घेऊन गेले. हे खाटंवर बसलेले. थोडं सरकले, अन् बाजूला हात दावून म्हनले, ह्यांना पन आन. म्या बगितलं तर कुनीच न्हाय. म्हनलं, कुनाला? तर म्हनले, हे काय बसलेत की. परत बगितलं, कुनीच न्हाय. लई जागरनं झालती बाई, म्या पिसाळलेली. वरडले त्यांच्यावर. म्हनलं, डोस्कं ठिकान्यावर हाय का, गुमान प्या तुमचा."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तर त्यांनी कपच बाजूला सारला. म्हनले, दारी आलेल्या मानसाला न्हाय तर मला बी नको. अन् भिताडाकडं तोंड केलं. त्याच्यानंतर काय बोलले न्हाईत, काय घेतलं बी न्हाय. तीन दिवसांनी गेले. तर माजा प्रश्न येवढाच हाय, दुसरा कप आनायचा का न्हाय?"

डॉक्टर फार मायेनं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, काकू, ही औषधांची गुंगी असते, शरीरातले क्षार कमीजास्त होतात, मेंदूला भास होतो, त्यामुळं तसं दिसतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कशामुळं दिसतं ते म्या इचारलंच न्हाय. चहा आनायचा का न्हाय, ते इचारलंय."



आणि मग कोपऱ्यातून एक माणूस म्हणाला, "आमची आय शेवटच्या हप्त्यात पाय पोटाशी घेऊन निजायची. म्हनायची, पायथ्याला बसलेत, पाय लागंल." दुसरी बाई म्हणाली, "आमच्या ह्यांनी खुर्ची पुसून घेतली माझ्याकडून. रिकामीच हुती." तिसरा, चौथा. शेजारी शेजारी राहणारी माणसं, एकाच आडावर पाणी भरणारी, पण कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच घरात घडलं!

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हा संशोधनाचा प्रश्न नाही. कार्ड करू नका."

मी म्हणलं, "ठरवायचं कुणी डॉक्टर, त्यांनी ना?" आणि इम्रानभाईंना डोळ्यानं खूण केली. त्यांनी लिहिलं सुद्धा होतं! 'शेवटच्या दिवसांत पेशंटला आपल्याला न दिसणारं माणूस दिसतं. तेव्हा घरच्यांनी काय करायचं?' आणि खाली बारीक अक्षरात, 'दुसरा कप आणायचा का न्हाय?'

काकू जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, येवढं पुण्यापातूर जाऊ द्या. मला कुनी तरी सांगाया पायजे, म्या चुकले का."

*

परतीच्या वाटेवर डॉक्टर पुढच्या सीटवर, गप्प. एरवी ह्यांना खड्ड्यांवर बोलायचं असतं.

तुळजापूर मागं पडल्यावर एकदम म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी कधी असं झालं का?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पण सांगितलं. माझे सासरे जायच्या आदल्या सकाळी मी दारात उभी होते, औषधाची वाटी घेऊन. ते माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होते. म्हणाले, "सूनबाई, वाट सोडा. त्यांना आत यायचंय."

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"मग काय, मी सरकले."

इम्रानभाईंनी गाडी हळू केली. मी विचारलं, "आणि डॉक्टर, तुमच्या घरी?"

डॉक्टरांनी काच वर केली. रुमालानं मान पुसली. म्हणाले, "इम्रानभाई, जरा एसी लावा."

आमच्या जीपला एसी नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

*

शेवटची बैठक कळंबला ठेवली, सगळ्या गावांची मिळून वीस माणसं बोलवायची. पण पहिल्या बैठका होऊन चार महिने झालेले. आमच्या कामात चार महिने म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं असेल. यादी मी हातात घ्यायची, परत खाली ठेवायची, आणि मगच फोन लावायची. पलीकडून काय ऐकायला मिळेल, नेम नाही.

माकणीच्या रजियाबींचा फोन इम्रानभाईंनी लावला. अन्ननलिकेचा कॅन्सर, तिथल्या बैठकीला स्वतः चालत आलेल्या बाई. इम्रानभाई म्हणाले, "रजियाबी, मीटिंग है, आते क्या?" पलीकडून आवाज, "हौ, आती ना मैं." झालं, नावापुढं टिक केली.

बैठकीला आली ती त्यांची लेक, शबाना. अंगावर आईचीच निळी ओढणी, मी लगेच ओळखली. म्हणलं, अगं, अम्मी कुठंय? म्हणाली, "अम्मी गेली, वीस दिवस झाले."

"मग फोनवर कोण होतं?"

"मीच. तुमी अम्मीचं नाव घेतलं. घरात त्या नावानं किती दिवसांनी फोन आला. माझ्या तोंडातून निघून गेलं, आती म्हणून. मग म्हणलं, आता शब्द दिलाय तर यायला पायजे."

बसली. आणि तिची पाळी आल्यावर बोलायला लागली, "मेरेकू निगलते नै आता. पानी भी अटकता." मी चमकले. अम्मीला म्हण की बाई, अम्मीला! पण ती तशीच बोलत राहिली, आईसारखी मध्ये मध्ये घशाला हात लावत. शेवटी फॉर्मवर रकाना होता, 'पेशंट की काळजी घेणारे'. तिनं पेशंटवर खूण केली.

मी इम्रानभाईंकडं बघितलं, की हे दुरुस्त करायला हवं. ते म्हणाले, "मॅडम, नाव यादीत आहे. बाई आल्यात. काय दुरुस्त करू?"

*

आता त्याच दिवसाचं बाकीचं, आणि मग मी गप्प बसते.

सकाळी अकराची वेळ. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, सतरंजीवर मध्ये सारखे प्रश्न एकत्र करून उरलेली पंधरा कार्डं मांडलेली, भोवती गोल करून माणसं. नागनाथअण्णा आले, लेकाच्या खांद्यावर हात टाकून. चार महिन्यांत नुसता सांगाडा राहिलेला, पण आल्या आल्या ओरडले, "चिंचोके मापून द्या, मापात पाप नको!" डॉक्टर त्यांच्या उजव्या हाताला बसले, दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा, तिथं डॉक्टरांनी बॅग ठेवली.

इम्रानभाईंनी एकेक कार्ड वाचलं. काकूंचं वाचल्यावर अण्णांनी कपाळावर हात मारला. "आता भुताला बी गोळ्या देताव का? आरं, आमाला सोलापूर लांब पडतंय, ते बगा आधी!" सगळे हसले. काकूंनी मान खाली घातली. मला अण्णांचा असा राग आला म्हणून सांगू! पण पेशंट माणूस, काय बोलणार. आणि त्यांचंही खोटं नव्हतं. 'उपचार तालुक्याला कसे मिळतील' हे त्यांचं कार्ड, त्यावर त्यांनी दहाच्या दहा चिंचोके ओतले.

पहिली फेरी झाली. मी मोजले. अण्णांचं कार्ड पहिलं. माकणीच्या बापलेकांचा प्रश्न तिसरा. काकूंचं अकरावं.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. नियमाप्रमाणं चहानंतर अजून एक फेरी होती, कुणाला चिंचोके हलवायचे तर हलवता येणार होते. पण सहसा कुणी हलवत नाही. काकू कार्डाकडं बघत बसलेल्या, बघवत नव्हतं मला. इतक्या लांबून एसटी बदलत आलेली बाई.

चहा आला. काकू स्वतःहून उठल्या, किटली घेतली आणि सगळ्यांना द्यायला लागल्या. त्यांना बसून राहवेना.

अण्णांच्या पुढं कप ठेवला. अण्णांनी तो उचलला नाही. ते थोडे डावीकडं सरकले. आखडलेला पाय हातानं उचलून जवळ घेतला, आणि उजव्या बाजूची सतरंजी हातानं झटकल्यासारखी केली. कुणाकडं तरी मान वर करून म्हणाले, "या, बसा की."

आम्ही हसायची तयारी केली. अण्णा म्हणजे नकला करणारा माणूस, काकूंची थट्टा करायलेत असंच वाटलं. दोघं तिघं हसलेही.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी काकूंकडं बघितलं आणि चिडून म्हणाले, "ह्यांना चहा दिला न्हाय का?"

अण्णांचा लेक अर्धवट उठला, "अण्णा..." म्हणाला.

"काय बघायलाव समदी? मानूस बसलंय की हितं," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा. मोंढ्यात रोज बोलतात तसा.

काकू किटली घेऊन उभ्या होत्या. मग त्या वाकल्या, एक कप घेतला, काठोकाठ भरला आणि अण्णांच्या उजव्या बाजूला सतरंजीवर ठेवला. पदर डोक्यावरून नीट केला, पाहुण्यापुढं करतात तसा. आणि त्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाल्या, "घ्या."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. त्या काय बघत होत्या ते मला ठाऊक होतं.

अण्णांनी शेजारी बघितलं, मान हलवली, आणि मग आपला कप उचलून घोट घेतला. दुसरा घेतला. सगळा प्याले.

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या खाली बसल्या. त्या रडत होत्या, पण मी त्यांना इतकं हलकं झालेलं कधी बघितलं नव्हतं.

सगळ्यात आधी शबाना उठली. कुठल्याशा कार्डावरचे आपले चिंचोके उचलले आणि काकूंच्या कार्डावर ठेवले. मग जळकोटचे दोघं. मग माकणीचा तो लेक, ह्या खेपेला एकटाच आला होता. चिंचोक्यांचा तेवढा आवाज. शेवटी अण्णांनी हात लांब करून आपल्या ढिगातले पाच उचलले, मापाड्याच्या हातानं, न मोजता, आणि तिकडं टाकले.

मी मोजायला घेतलं. दोनदा चुकले. काकूंचं कार्ड दुसरं आलं होतं.

"डॉक्टर, लिहून घ्या," मी म्हणाले आणि वर बघितलं. डॉक्टरांची बॅग त्यांच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी धरलेली. कधी उचलली, मी बघितलं नाही.

म्हणलं, "बॅग खाली ठेवा की, लिहिणार कसे? तुमच्या नि अण्णांच्या मध्ये जागा आहे की."

"नको, असू द्या," डॉक्टर म्हणाले. आणि स्वतःच थोडे सरकले.